थळ आणि ‘थुल’

अलिबागेहून रेवसच्या वाटेला लागले, की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला कनकेश्वराचा डोंगर अशा चिंचोळ्या पट्टीत एकामागून एक गावे येत जातात. त्यांतलेच एक थळ. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमागे भाताची खाचरे, पुढे पुळण, पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी. समोर पाण्यात उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड जिल्हा म्हणतो त्याच्या किनाऱ्यावर अशी गावे कितीतरी आहेत. पण थळच्या वाट्याला एक वेगळे भाग्य आले. इंग्रजी अमदानीत या गावाचे नाव ज्या अक्षरांनी लिहिले गेले, ती वाचताना परका माणूस ‘थुल’ असा उच्चार करील. आणि आज परदेशात ज्या मुलांना हे गाव ठाऊक आहे, त्यांना ते ‘थुल’ म्हणूनच ठाऊक आहे. याला कारण एक कादंबरी. अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ ही कादंबरी १९८२ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला ‘गार्डियन’ पत्राचे बालसाहित्याचे पारितोषिक मिळाले. थळ हे खरोखरीचे गाव आहे आणि पुस्तकातील माणसे तिथल्या माणसांवरूनच घेतली आहेत, असे लेखिकेने आरंभीच सांगून टाकले आहे.

फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचायच्या अंकात इंग्रजी कादंबरीची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेली असली तरी ती एका कुटुंबाची कथा आहे, आणि ती संपते ती नेमकी दिवाळीत. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे उत्तर असे, की आपल्या घरातील मुले आता इंग्रजी शाळांतून शिकतात. रायगडच्या किनाऱ्यावरचे गाव त्यांना पहिल्यांदा भेटते ते पुष्कळदा अशाच पुस्तकातून. तेव्हा या पुस्तकातले ‘थुल’ आपल्या थळशी कितपत जुळते आणि कुठे त्याच्यापासून दूर जाते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहून ठेवलेले बरे.

*

कथा थोडक्यात अशी. किनाऱ्याजवळच्या एका झोपडीत चार भावंडे राहतात. थोरली लीला तेरा वर्षांची, तिच्या पाठचा हरी, आणि बेला व कमल या दोघी धाकट्या. आई अंथरुणाला खिळलेली. तिला काय झाले आहे हे कोणाला धड माहीत नाही. बाप ताडीच्या नादी लागलेला. होडी गेली, कर्ज मात्र राहिले. लीलेची आणि हरीची शाळा सुटली आहे. गावात एक बातमी पसरते, की इथे खताचा मोठा कारखाना येणार. कोणाला त्यात नोकरी दिसते, कोणाला सर्वनाश. कारखान्याला विरोध करण्यासाठी किनाऱ्यावरची माणसे मुंबईला मोर्चा घेऊन निघतात. त्यांच्याबरोबर हरीही जातो आणि घरी न परतता तिथेच राहतो. एका खाणावळीत राबून, शेजारच्या पारशी घड्याळजीकडून घड्याळदुरुस्ती शिकून, सबंध पावसाळा तिथे काढून तो दिवाळीला गावी येतो. दरम्यान ‘मों रेपो’ या बंगल्यात सुटीसाठी येणाऱ्या डिसिल्व्हा कुटुंबाच्या मदतीने लीलेने आईला अलिबागच्या इस्पितळात पोचविले आहे, आणि बायकोच्या आजारपणाने बापही ताळ्यावर आला आहे. बंगल्यात सय्यद अली नावाचे एक वृद्ध गृहस्थ येऊन राहिले आहेत. ते सुगरण पक्ष्यांचे खोपे पाहत बसतात. कारखाना होणार हे आता ठरलेलेच आहे. हरी ठरवितो, की आधी कोंबड्या पाळायच्या आणि मग घड्याळदुरुस्तीचे दुकान काढायचे. कारखान्यात कामाला येणाऱ्यांच्या मनगटावर घड्याळे असणारच.

कथानक एवढेच, आणि ते साधेच आहे. पण ते वाचताना मन गुंतते. का गुंतते, हे आधी पाहू. कारण दोष दाखविण्यापूर्वी गुणांचा हिशेब चुकता करावा.

या कादंबरीचे खरे बळ लीला या मुलीत आहे. आपल्या वाङ्मयात गरिबीची वर्णने थोडी नाहीत. पण पुष्कळदा तिथे गरिबी बोलते, रडते, व्याख्यान देते. इथली गरिबी काम करते. सकाळी उठून समुद्रातल्या खडकावर फुले वाहणे, चूल पेटविणे, आईला चहा देणे, धाकट्यांना शाळेत धाडणे, केर काढणे, संध्याकाळी पुन्हा तेच. लेखिका या कामांचा क्रम सोडीत नाही. म्हणून लीलेला ‘बिचारी’ म्हणावेसे वाटत नाही. ती घर चालविणारी बाई वाटते, आणि तिचे वय आठवले म्हणजे पोटात तुटते. हा परिणाम शब्दांचा फुलोरा न करता साधणे सोपे नव्हे. हरी मुंबईला गेला तेव्हा त्याचे धाडस सर्वांना दिसते; मागे राहिलेल्या लीलेचे धाडस कोणाला दिसत नाही. लेखिकेने ते पाहिले, आणि दोघांची प्रकरणे आलटूनपालटून लिहून ती दोन पारड्यांत ठेवली. कोकणातल्या कोणत्याही घराला हे ओळखीचे वाटेल. मुंबईला गेलेल्या भावाची गोष्ट घरोघर सांगितली जाते. त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहत ज्या बहिणीने घर धरून ठेवले, तिची गोष्ट क्वचितच कोणी सांगतो.

दुसरा गुण पैशाच्या प्रमाणाचा. कादंबरीत एक रुपया म्हणजे खरोखर एक रुपया असतो. खाणावळीतल्या रोजच्या रुपयाचे काय येते, डॉक्टरच्या औषधाला किती लागतात, कर्ज फेडायला काय विकावे लागते, हे वाचकाला कळते आणि त्यामुळे प्रत्येक लहान घटनेला वजन येते.

तिसरा गुण मुंबईच्या चित्रणाचा. ग्वालिया टँकजवळची ती खाणावळ, तिथला धूर, बाकड्यावरची झोप, आणि जग्गू हा मालक. हा माणूस दुष्ट नाही आणि संतही नाही. तो कमी बोलतो, पोराला ठेवून घेतो, आणि एकदा त्याला स्वतःच्या घरी नेतो. ते घर पाहून हरीला कळते, की मुंबईत मालक म्हणविणाराही झोपडपट्टीत राहू शकतो. खाणावळीलगतचे घड्याळजी पानवाला हे तर या पुस्तकातले सर्वांत लोभस पात्र. मुलाच्या हातात प्रथम अवजार देणारा म्हातारा ज्याच्या आयुष्यात आला, त्याला पानवाला विसरता येणार नाहीत. नारळी पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ अर्पण होतात आणि आता होड्या पुन्हा सुटणार हे हरीला उमगते, त्या ठिकाणी गाव आणि शहर एका पाण्याने जोडलेले आहेत ही जाणीव फार सहजपणे येते.

*

आता दुसरी बाजू. ‘थुल’मध्ये समुद्र आहे, घर आहे, माणूस आहे, पण गाव आहे का?

हा प्रश्न विचारण्याचे कारण आपल्याच वाङ्मयात आहे. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली, गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ १९५५ साली. दोन्हींतले कोकण रत्नागिरीकडचे, रायगड किनाऱ्याच्या दक्षिणेचे. या कादंबऱ्यांतून मराठी वाचकाला एक गोष्ट कळून चुकली, की गाव म्हणजे घरांची ओळ नव्हे. गाव म्हणजे कोण कोणाच्या ओटीवर चढतो, कोण अंगणातूनच बोलतो. कोणाचे कूळ कोणते, कोणाचा मान पहिला. भांडण कशावरून आणि किती पिढ्यांचे. गाव हे एक बोलणारे तोंड असते. बापू किंवा पडघवलीची अंबू वहिनी या व्यक्ती म्हणून उभ्या राहतात त्या या बोलण्याच्या मध्यभागी.

‘थुल’मध्ये हे बोलणे ऐकू येत नाही. थळमध्ये कोळी आहेत, आगरी आहेत, भंडारी आहेत, वाडीवाले आहेत. प्रत्येकाची वस्ती निराळी, धंदा निराळा, बोलीचा हेलही निराळा. होडीच्या मालकाला नाखवा म्हणावे की तांडेल, हा कोळीवाड्यात केवळ शब्दांचा प्रश्न नाही. त्यामागे कामाची आणि मानाची सबंध व्यवस्था आहे. मिळालेल्या मासळीचे वाटे कसे पडतात, होडीचा वाटा किती, माणसाचा किती. टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई घरात कोणता अधिकार गाजविते. देवीची पालखी कोणाच्या दारावरून आधी जाते. हे सारे वगळले, की हरीचा बाप हा फक्त ‘दारुडा बाप’ उरतो. त्याची होडी गेली म्हणजे नेमके काय गेले, हे कळत नाही. होडी गेलेल्या माणसाचा वाटा जातो, वाटा गेला की बोलण्याचा हक्क जातो, आणि मग तो ताडीच्या दुकानाकडे वळतो. ही साखळी दाखविली असती तर त्याच्यावर राग येण्याऐवजी वाचकाचा जीव कळवळला असता. हे कुटुंब कोळ्याचे की आगऱ्याचे, या प्रश्नाच्या उत्तराला कादंबरी महत्त्व देत नाही. परदेशी मुलाला तो प्रश्न पडणार नाही. थळच्या मुलाला तो पहिल्या पानावर पडेल.

भाषेची अडचण मी समजू शकतो. कोळीवाड्यातली बोली इंग्रजीत आणायची कशी? ती मोडक्या इंग्रजीत आणली तर माणसे हास्यास्पद होतात, नीटस इंग्रजीत आणली तर ती शाळामास्तरासारखी बोलू लागतात. लेखिकेने दुसरा मार्ग पत्करला आणि संवाद शक्य तितके थोडे ठेवले. ही तडजोड प्रामाणिक आहे. पण तिचा परिणाम असा होतो, की गावातल्या माणसांपेक्षा गावात पाहुणे म्हणून आलेलीच माणसे अधिक मोकळी बोलतात. डिसिल्व्हा बोलतात, पानवाला बोलतात, सय्यद अली तर फारच छान बोलतात. थळकर ऐकतात.

दिवाळीचेही तसेच. शेवटच्या प्रकरणांतली दिवाळी मनाला सुखविते. इतक्या हालांनंतर घरात पणती लागलेली पाहून कोणाला आनंद होणार नाही? पण ती मुख्यतः पणत्यांची, फटाक्यांची आणि गोडधोडाची दिवाळी आहे. ती हिंदुस्थानात कोठेही होऊ शकेल. कोकणातल्या घरी नरक चतुर्दशीला काळोखात उठवितात, उटणे लावून न्हायला घालतात, तुळशीपुढे डाव्या अंगठ्याखाली कारीट चिरडून त्याची कडवट बी जिभेला लावतात. तो कडू थेंब या कादंबरीत हवा होता. इतक्या कडू वर्षानंतर आलेल्या दिवाळीला याहून योग्य खूण मिळाली नसती.

*

भाषेचा आणि रीतिभातींचा दोष मी सोडून देईन. मुलांच्या पुस्तकाकडून सगळेच मागणे बरे नव्हे. पण एक दोष सोडता येत नाही, कारण तो कथेच्या गाभ्यात आहे. तो आहे कारखान्याविषयीच्या उपदेशाचा.

सय्यद अली या पात्रामागे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची छाया आहे हे उघड आहे. सालिम अलींचे या किनाऱ्याशी जुने नाते होते. थळच्या उत्तरेला असलेल्या किहीम येथे १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वीणीचे दिवसचे दिवस बसून निरीक्षण केले आणि त्यातून या पक्ष्याविषयी जगाला नवे ज्ञान मिळाले. कादंबरीतले सय्यद अली मुंबईच्या सभेत कारखान्याविरुद्ध बोलतात, हरतात, आणि पावसाळ्यात थळला येऊन सुगरणी पाहत बसतात. हरी त्यांना भेटतो तेव्हा ते त्याला समजावतात, की आपण हरलो खरे, पण पक्षी बघ, ते बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतात. तुलाही तसेच करावे लागेल. पानवालांनीही हरीला हेच शिकविलेले असते. आणि हरी ते ऐकतो. कादंबरीचे तात्पर्य इथे आहे. शेती आणि मासेमारी जाणार, कारखाना येणार. शहाण्याने कोंबड्या पाळाव्यात आणि घड्याळे दुरुस्त करावीत.

एका पोरासाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. हरीने काय करावे याला दुसरे उत्तर नव्हतेही. पण एका पोराला दिलेला सल्ला कादंबरी सबंध गावाचे तत्त्वज्ञान म्हणून पुढे करते, तिथे माझे तिच्याशी जमत नाही. जुळवून घ्या, असे सांगणाऱ्या पात्रांना स्वतःला काय गमवायचे आहे? डिसिल्व्हांना सुटीचे घर दुसरीकडे मिळेल. सय्यद अलींना दुसरी सुगरण सापडेल. थळकराला दुसरे थळ मिळणार नाही.

आणि सुगरणीचाच दाखला घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. बहिणाबाईंच्या कवितेमुळे हा पक्षी मराठी घराघरांत पोचला आहे, आणि आपण मानतो की खोपा मादी विणते. प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर. गवताच्या, भाताच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून तो विणू लागतो. खोपा अर्धा होऊन शिरस्त्राणासारखा दिसू लागला, की माद्या येतात आणि आत शिरून पाहणी करतात. पसंत पडला तर मादी तो आपला म्हणते, आणि मगच नर खाली नळीसारखे दार काढून तो पुरा करतो. पसंत पडला नाही तर ती निघून जाते, आणि ते अर्धवट खोपे तसेच लोंबत राहतात. किहीमच्या निरीक्षणाने हे सारे नीट उलगडले. म्हणजे सुगरण केवळ जुळवून घेणारा पक्षी नव्हे. ती आधी तपासते, मग स्वीकारते किंवा नाकारते. जो हक्क पाखराला आहे, तो गावाला का नसावा? कारखाना हवा की नको, हवा तर कुठे, किती जमिनीवर, कोणत्या मोबदल्यात, कोणाला काम देऊन, हे पाहण्याचा आणि न पटल्यास नाही म्हणण्याचा हक्क? कादंबरीने सुगरणीचा अर्धाच धडा घेतला.

*

कोणी म्हणेल, भोळ्या मच्छीमारांना असले हिशेब कुठले सुचणार? ‘थुल’ वाचून असे वाटणे साहजिक आहे. त्या गावाला भूतकाळच नाही. पण थळच्या किनाऱ्याला आहे.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही तो हाणून पाडण्यास आले. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांचे आरमार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हाताखाली होते, आणि त्यांचा भरवसा होता तो लहान होड्यांवर व वाऱ्याची, भरतीओहोटीची, खडकांची माहिती असलेल्या माणसांवर. किनाऱ्यावरून बेटाला रसद जात राहिली आणि किल्ला उभा राहिला. पुढच्या वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली, ही गोष्ट वेगळी. थळच्या पुळणीवर उभे राहिले की आजही दोन्ही बेटे दिसतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. ज्या दगडांपुढे लीला रोज फुले वाहते, त्यांच्या मागेच हा इतिहास समुद्रात उभा आहे. कादंबरीची नजर खडकापाशी थांबते.

हा इतिहास फार जुना म्हणावा तर अलीकडचा घ्या. याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जाचाविरुद्ध १९३३ साली संप पुकारला. भात पिकविण्याचेच त्यांनी नाकारले. जमिनी ओस पडल्या, लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ते खाऊन दिवस काढले, पण संप मोडला नाही. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. सहा वर्षे, १९३९ पर्यंत, हा संप चालला. कुळांच्या हक्काचा कायदा पुढे झाला, त्यामागे या संपाचे मोल मोठे आहे. हिंदुस्थानात इतका दीर्घ शेतकरी संप शोधून सापडणे कठीण. ज्या किनारपट्टीच्या माणसांनी सहा वर्षे नांगर खाली ठेवून जमीनदाराशी सौदा केला, त्यांच्या नातवंडांना मुंबईच्या मोर्चात गोंधळलेल्या मेंढरांसारखे उभे करणे हे काही खरे चित्र नव्हे. त्या मोर्चातल्या म्हाताऱ्यांपैकी एखाद्याच्या तोंडी चरीची एक आठवण घातली असती, तर सबंध प्रसंगाचा रंग बदलला असता.

याच सुमारास, १९८३ साली, जगाच्या दुसऱ्या टोकाला असल्याच विषयावर एक चित्रपट निघाला. बिल फोर्साइथ या दिग्दर्शकाचा ‘लोकल हिरो’. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे एक चिमुकले मच्छीमार खेडे अमेरिकन तेल कंपनीला तेलशुद्धीच्या कारखान्यासाठी सगळेच्या सगळे विकत हवे असते. कंपनीचा माणूस मनात धास्ती घेऊन येतो, की हे गरीब लोक आपले गाव कसे सोडणार! आणि गावकरी? ते आतल्या आत खुशीत असतात आणि भाव कसा चढवावा याची मसलत करतात. अडतो तो एकटा एक म्हातारा, पुळण ज्याच्या मालकीची आहे तो. चित्रपट हलकाफुलका आहे. पण त्यातले खेडूत कोणाच्या दयेचे विषय नाहीत. ते लबाड आहेत, हिशेबी आहेत, लोभी आहेत, म्हणजेच आपल्यासारखे आहेत. खेड्यावरचे खरे प्रेम त्याला भोळे ठरविण्यात नसते. ‘थुल’वर लेखिकेचे प्रेम आहे यात शंका नाही, परंतु ते खिडकीतून पाहणाऱ्याचे प्रेम आहे.

*

पुढे काय झाले? थळ-वायशेतचा कारखाना पर्यावरणाच्या वादानंतरही झालाच. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा हा खत प्रकल्प बॉम्बे हायच्या वायूवर चालावयाचा होता आणि १९८५ साली तो सुरू झाला. त्यातून देशाच्या शेतीला खत मिळाले, अलिबागेस वर्दळ वाढली, कोणाच्या घरी पगार आला. दुसरीकडे, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना नोकऱ्या मिळाल्या की नाही हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे गाजत राहिला. कारखान्याचा हिशेब असा दोन्ही रकान्यांत मांडावा लागतो, आणि तो मांडण्याचे काम गावातल्याच माणसांनी सभांतून, अर्जांतून, मोर्च्यांतून केले. कादंबरीचा हरी कारखान्याच्या फाटकाबाहेर घड्याळाचे दुकान टाकील. प्रत्यक्षातला हरी फाटकाशी ‘माझी जमीन गेली, माझ्या पोराला काम द्या’ असे म्हणत उभा राहिला. दोन्ही हरी खरे आहेत. पण दुसऱ्याची कादंबरी झाली नाही.

एक बाब मात्र लेखिकेने दूरदृष्टीने टिपली, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. ‘मों रेपो’ हा कादंबरीत एकटाच बंगला आहे. सुटीत मोटारीतून येणारी कुटुंबे, त्यांचे केर-पाणी करून मिळणाऱ्या पैशावर चालणारे शेजारचे झोपडे, आणि दोन्ही बाजूंनी असलेला आपलेपणा व परकेपणा यांचे मिश्रण तिने फार नाजूक हाताने रंगविले आहे. आज मांडव्यापासून खाली वाडीवाडीत असे बंगले उभे आहेत. २०२० पासून मुंबईहून मोटारीसकट माणूस बोटीने मांडव्याला उतरतो. कारखान्यापेक्षाही या बंगल्यांनी किनारा अधिक बदलला असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. लीला ज्या दारातून झाडू घेऊन आत जाते, त्या दारातून आज किती लीला जातात! त्या दाराच्या दोन्ही बाजू दाखविणारे पुस्तक म्हणून या कादंबरीचे मोल कमी होणार नाही, वाढेलच.

मग ही कादंबरी घरच्या मुलांच्या हाती द्यावी का? अवश्य द्यावी. हे पुस्तक स्वच्छ आहे. त्यात दुःख आहे पण त्याचे प्रदर्शन नाही. शेवट गोड आहे पण खोटा नाही, कारण बाप सुधारला तरी होडी परत आलेली नाही आणि कारखाना टळलेला नाही. मुंबईत किंवा पुण्यात वाढणाऱ्या मुलाला, बारा वर्षांचा मुलगा रोज एका रुपयासाठी राबू शकतो हे कळायला हवे. फक्त पुस्तक संपल्यावर मुलाला तिथेच सोडू नये. त्याला थळच्या पुळणीवर न्यावे, समोरची दोन बेटे दाखवावीत, त्यांची गोष्ट सांगावी. येताना चरीवरून यावे आणि सहा वर्षे न पेरलेल्या भाताची गोष्ट सांगावी. पावसाळ्यात नेले तर सुगरणीचे अर्धवट टाकलेले खोपेही दाखवावेत आणि ते का टाकले ते समजावून द्यावे. एवढे केले म्हणजे ‘थुल’ वाचलेल्या मुलाला थळही थोडेसे भेटेल.

उरते ते काम लेखकांचे. रत्नागिरीच्या कोकणाला पेंडसे आणि दांडेकर लाभले. रायगड जिल्ह्यातही खोपोलीच्या र. वा. दिघ्यांनी डोंगर-रानातल्या शेतकऱ्याला कादंबरीत आणले. पण अलिबाग ते रेवसच्या या पट्टीला, इथल्या नाखव्यांना, आगऱ्यांना, वाडीतल्या बायकांना, जमीन गेलेल्यांना, त्या तोडीची मराठी कादंबरी अजून हवी आहे. ती बाहेरून आलेल्या बाईने इंग्रजीत लिहिली याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने निदान पाहिले आणि लिहिले. लीलेचे घर तिने आपल्याला दिले आहे. त्या घराभोवतीचे गाव, त्याच्या बोलीसकट आणि त्याच्या भांडणांसकट, तिथे वाढलेल्या कोणा मुलीने किंवा मुलाने लिहावे. तिला गावाचे नाव कसे लिहावे हे कोणी शिकवावे लागणार नाही.